यानावरचा तो पत्रा सोन्याचा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत चांद्रयान-3 च्या विक्रम लँडरच्या छायाचित्राखाली 'सोन्याच्या पत्र्याने मढवलेले यान' अशी ओळ छापून आली आहे. जेम्स वेब दुर्बिणीच्या आरशांवर सोन्याचा मुलामा खरोखरच आहे, पण विक्रमवरचे आवरण सोन्याचे नाही. कॅप्टॉन या पिवळसर, चिवट प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मला आतून ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला असतो, आणि फिल्मच्या रंगातून ते ॲल्युमिनियम सोनेरी दिसते.

या सोनेरी थराखाली मुलामा दिलेल्या आणखी तलम फिल्मचे अनेक थर असतात आणि ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये विरळ जाळी घातलेली असते. निर्वात अवकाशात उष्णता वाहून नेणारी हवा नसल्यामुळे उष्णता मुख्यतः प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात, येते-जाते, आणि प्रत्येक चकचकीत थर तिचा मोठा भाग परतवतो. उड्डाणाच्या वेळी आत अडकलेली हवा निघून जावी म्हणून या फिल्मना बारीक छिद्रेही पाडतात, कारण हवा उरली किंवा थर दाबले गेले तर आवरणाचा गुण बराचसा संपतो. वीज लागत नाही, हलणारा भाग नाही. तरीही हिशेब नाजूकच. नोव्हेंबर 2008 मध्ये चांद्रयान-1 मधले तापमान 50 अंशांच्या आसपास गेले, तेव्हा इस्रोला यान थोडे वळवून काही उपकरणे बंद ठेवावी लागली होती.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण घराजवळचे आहे. पावसाळ्यातली गळती टाळण्यासाठी गोव्यात गच्चीवर पत्रे घालण्याची पद्धत घरोघर रुळली आहे, आणि त्या पत्र्यांखाली लावायची चंदेरी शीट 'अंतराळातले तंत्रज्ञान' म्हणून विकली जाते. ती निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. भर उन्हात तापलेल्या पत्र्याची धग खाली येते ती बरीचशी प्रारणानेच. मात्र शीटची चकचकीत बाजू मोकळ्या हवेच्या पोकळीकडे असायला हवी. तीच शीट पत्रा आणि फळी यांच्यात दाबून ठोकली, तर धातूतून उष्णता थेट खाली उतरते आणि पैसे वाया जातात. शिवाय चकाकी धुळीने किंवा किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने मंदावली की परिणामही उतरतो, याबद्दल विक्रेते सहसा बोलत नाहीत.

छायाचित्राखालच्या ओळीची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी आणि जमल्यास सोबत अशा आवरणाच्या थरांची एखादी आकृती द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, फोंडा