बाबांच्या त्या मेसेजबद्दल

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

बाबा, तुमचा मेसेज मिळाला. '१५ ऑगस्ट १९४७ ला एक रुपया बरोबर एक डॉलर होता, आज बघा कुठे येऊन पडलो!' हा मेसेज ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर जायच्या आत हे पत्र वाचा. आधीच गेला असेल, तर आई, तू हे त्यांना मोठ्याने वाचून दाखव.

त्या वेळी रुपयाची गाठ डॉलरशी नव्हतीच, पौंडाशी होती. १९२७ पासून दर ठरलेला होता: एका रुपयाला एक शिलिंग सहा पेन्स. म्हणजे एक पौंड १३ रुपये ५ आणे ४ पैचा. आणे-पैचा हिशेब तुम्हाला माझ्याहून चांगला येतो, पडताळून बघा. तेव्हा पौंडाला ४.०३ डॉलर मिळत. भागाकार केला की डॉलर पडतो साधारण ३.३० रुपयांना. 'देशावर कर्ज नव्हतं म्हणून दर एकास एक होता' हे पुढचं वाक्य तर कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं देव जाणे. कर्ज नसलं म्हणून दोन देशांची नाणी एका किमतीची होत नाहीत.

सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंड ४.०३ वरून २.८० डॉलरवर आणला. आपणही त्याच्यासोबत खाली उतरलो आणि डॉलर ४.७६ रुपयांचा झाला. पाकिस्तानने मात्र आपला रुपया होता तिथेच ठेवला. त्यामुळे त्यांच्या १०० रुपयांना आपले १४४ मोजायची वेळ आली. आपण तो दर मानायला तयार नव्हतो, आणि तागाचा व्यापार अडकून पडला.

पुढे १९६६ पर्यंत दरांच्या तक्त्यात तेच ४.७६. तुम्ही म्हणता तसा 'रुपया भक्कम असण्याचा काळ' हाच असावा. पण तो आकडा बाजाराने दिलेला नव्हता, सरकारने ठरवलेला होता. आतून ताण वाढतच होता: दोन युद्धं झाली, दुष्काळ पडला, परदेशी मदत थांबली. शेवटी ६ जून १९६६ ला डॉलर एका फटक्यात ४.७६ वरून ७.५० वर गेला. बाबा, या ठिकाणी तुमच्या ग्रुपवर हमखास भांडण होणार. कुणी म्हणेल रुपया ३६.५ टक्क्यांनी घसरला, कुणी म्हणेल डॉलर साडेसत्तावन्न टक्क्यांनी महागला. दोघंही बरोबर. रुपयाला आधी २१ सेंट मिळायचे, नंतर १३.३३ मिळू लागले, ही घट ३६.५ टक्के. उलट बाजूने ४.७६ चे ७.५० झाले, ही वाढ ५७.५ टक्के. एकच घटना, फक्त भागायचं कशाने ते बदललं.

याचा धक्का आखातातही बसला. तिथल्या काही संस्थानांत आपल्या रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये खास काढलेला 'आखाती रुपया' चालायचा. कुवेत आणि बहारीन आधीच बाहेर पडले होते. ६६ च्या अवमूल्यनानंतर कतार आणि दुबईकडच्या मंडळींनीही तो सोडला. या प्रकरणाबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही, मला मात्र ते फार आवडतं.

आई, आता तुझी गोष्ट. मामा परदेशी निघाला तेव्हा खिशात आठच डॉलर होते, हे तू इतक्या वेळा सांगितलंयस की माझं पाठ झालंय. तुझ्या या गोष्टीत जे आहे ते दरांच्या तक्त्यात नाही. दर कागदावर साडेसात होता, पण त्या दराने हवे तेवढे डॉलर देणार कोण? वर मर्यादा, परवानगी, फॉर्म. मागाल तेवढं मिळतच नसेल, तर कागदावरच्या स्वस्त दराचं करायचं काय? म्हणून जुना दर बघताना मी आधी हे विचारते की तो खुल्या खरेदी-विक्रीचा होता की नुसता जाहीर केलेला.

१९९१ तुम्हा दोघांनाही नीट आठवत असेल. १ जुलैला रुपया थोडा खाली आणला, बाजार काय म्हणतो ते पाहिलं, आणि ३ तारखेला पुन्हा. डॉलर २१ च्या आसपास होता तो २६ च्या घरात गेला. त्याच महिन्यात सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण गेलं. पुढे वर्षभर एक सरकारी आणि एक बाजाराचा असे दोन दर चालवून पाहिले, आणि मार्च १९९३ पासून दर बाजारावर सोडला. रिझर्व्ह बँक अधूनमधून हात घालते, ते वेगळं. त्यानंतरचा आलेख रोज हलतो, आणि नेहमी खालीच जातो असंही नाही. २००७ च्या अखेरीस डॉलर चाळिशीच्या आत होता.

तरीही लांबून पाहिलं तर उतारच दिसतो, हे तुमचं म्हणणं खरं आहे. त्याचं मोठं कारण महागाई. आपल्याकडे भाव अमेरिकेपेक्षा वेगाने वाढत गेले, तर तेवढा फरक दरात कधी ना कधी उतरणारच. नुसत्या आकड्यावरून देशाची पत काढायची तर जपानचं काय? १९४९ पासून १९७१ पर्यंत डॉलरला ३६० येन मोजावे लागत, आणि त्याच काळात त्यांनी केवढी भरारी घेतली!

रिझर्व्ह बँकेच्या सांख्यिकी पुस्तिकेवरून तुमच्यासाठी तक्ता करतेय, मोठ्या अक्षरात. त्यात वर्षाची सरासरी आणि वर्षअखेरचा दर असे दोन वेगळे रकाने असतील. सरासरीच्या रकान्यात १९९१ ची ती दोन पावलं दिसणार नाहीत, तेव्हा 'इथे तर काहीच झालेलं दिसत नाही' म्हणून फोन करू नका.

आई, मामाचा जुना पासपोर्ट सापडला तर मागची पानं बघायला सांग. तेव्हा घेतलेल्या परकीय चलनाची नोंद पासपोर्टवर शिक्क्यासह करत. असेल तर फोटो पाठव, तारीख आणि रक्कम नीट दिसेल असा.

तुमची,
मनू