विल्सनच्या रुग्णाशी बोला

महोदय,
माझ्या भाचीला विल्सन आजार आहे. तिच्या यकृतात तांबे साचते. रुग्णालयात पेनिसिलामाइन हे साचलेले तांबे लघवीवाटे बाहेर काढणारे औषध लिहून दिले. पण ते जेवणाआधी तासभर किंवा जेवल्यावर दोन तासांनी घ्यायचे, हे सांगितले औषधांच्या दुकानदाराने! गोळ्या जन्मभराच्या. बरे वाटले म्हणून परस्पर सोडल्या, तर यकृत निकामी होऊ शकते. घरात मात्र आजी अजून तांब्याच्या हंड्यातलेच पाणी देत होती. सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक, म्हणून लक्षणे नसली तरी धाकट्याची तपासणी हवी, हेही उशिराच कळले. ओपीडीतली गर्दी मान्य. तरी समुपदेशकाने दहा मिनिटे साध्या मराठीत बोलावे, आणि सदोष जनुक आई-वडील दोघांकडूनही येते, हे सासरच्या मंडळींसमोर सांगावे.

– एक वाचक, सातारा