सगळ्यात वर ठेवलेल्या पानाबद्दल

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला इंग्रजीत चार ओळींचं कार्ड पाठवलं आहे, ते एव्हाना पोचलं असेल. पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. मनापासून बोलायचं तर मला मराठीच लागते, आणि तुमच्याबद्दल माझ्या माणसांना कळावं असंही वाटतं, म्हणून हे उघडं पत्र. पहिल्याच भेटीत तुम्ही 'मला नावाने हाक मारा' म्हणाला होतात. तुमचं वय माझ्या आईएवढं, माझ्याच्याने काही ते झालं नाही. इथेही तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही, एवढं ओळखते मी तुम्हाला.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. तुम्ही अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, एका काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या) रेकॉर्ड रूममध्ये जुनी दप्तरं सांभाळता. मी साताऱ्याकडची, लग्न होऊन व्हर्जिनियात आले. सासरचं घराणं इथे इंग्रजांच्या वसाहतीपासून, म्हणजे अमेरिका हा देश होण्याच्याही आधीपासून आहे, असं घरात सगळे म्हणत. कागद मात्र कोणाकडेच नव्हता. सासरे नव्वदीला टेकलेत, नजर अधू होत चालली आहे, आणि त्यांनी एकच धोशा लावला होता: दिसतंय तोवर मला मूळपुरुषाचा कागद दाखवा.

आधी आम्ही पैसे घेऊन वंशावळी काढून देणाऱ्या एका तज्ज्ञाकडे गेलो. त्याने चकचकीत फाइल दिली. वर सिंह आणि ढालीचं चिन्ह, आत वंशवेल थेट इंग्लंडच्या राजघराण्यापर्यंत. मधल्या पिढ्यांना मात्र एका ओळीचा आधार नाही. विचारलं तर म्हणे, 'त्या काळच्या नोंदी जळाल्या.' बिल मात्र व्यवस्थित होतं, त्यात काही जळालेलं नव्हतं. इंटरनेटवरच्या वंशवेलींबद्दल तर बोलायलाच नको. एकीत आमचा पूर्वज स्वतःच्या आईच्या आधी जन्मला आहे, आणि ती वेल कित्येकांनी जशीच्या तशी उतरवून घेतली आहे.

नोंदी जळाल्या, हे व्हर्जिनियात अगदीच खोटं नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या शेवटी, एप्रिल १८६५ मध्ये, दक्षिणेच्या सैन्याने राजधानी रिचमंड सोडताना गोदामांना आग लावली, ती शहरात पसरली, आणि ज्या काउंट्यांनी आपली दप्तरं सुरक्षित राहावीत म्हणून राजधानीत नेऊन ठेवली होती, नेमकी त्यांचीच राख झाली. ज्यांनी हलवली नाहीत त्यांच्यातल्या कित्येकांची आजही शाबूत आहेत. तुमच्या काउंटीची आहेत. एक फोन केला असता तर त्या तज्ज्ञाला हे कळलं असतं.

शेवटी मी तुमच्याकडे आले. तुम्ही ती जाड बाइंडिंगची पुस्तकं काढून दिलीत, कुठे काय बघायचं ते दाखवलंत. तो सगळा तपशील इथे देत बसत नाही. पण दोन गाठी तुम्ही ज्या सहजतेने सोडवल्यात, त्या सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली गाठ थोरल्या मुलाची. मूळपुरुषाच्या १७४० च्या दशकातल्या मृत्युपत्रात धाकट्या मुलांना जमिनीचे तुकडे दिलेत, मुलींना पिसांच्या गाद्या, गायी आणि लोखंडी भांडी. ज्याच्यापासून आमची शाखा निघते त्या थोरल्याचं नावच नाही. म्हणून सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की तो या बापाचा मुलगाच नव्हे. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, 'त्याला लिहून द्यायची गरजच काय होती?' ज्या जमिनीबद्दल मृत्युपत्रात काही लिहिलेलं नाही, ती तेव्हाच्या कायद्याने आपोआप थोरल्याकडे जायची. व्हर्जिनियाने हा कायदा १७८५ मध्ये बदलला. आणि मग खरेदीखतांच्या पुस्तकात तो सापडलाच: बापाचा वारस म्हणून मिळालेली जमीन विकताना.

दुसरी गाठ तारखांची. मृत्युपत्र मे महिन्यातलं, आणि माणूस मेल्यावर करायची मालमत्तेची यादी त्याच सालच्या जानेवारीतली. माणूस मृत्युपत्र करण्याच्या आधीच मेला कसा? म्हणून ती यादी त्याच नावाच्या दुसऱ्या कोणाची तरी, असं गृहीत धरून आजवर प्रत्येकाने ते पान उलटून टाकलं होतं. तुम्ही हसलात. १७५२ पर्यंत इंग्रजी राज्यात सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे जानेवारी हा मे महिन्यानंतर यायचा, वर्ष सरता सरता. कारकून कधी दोन्ही सालं लिहीत, कधी एकच. आमचा पाडवाही मार्चच्या आसपासच येतो, त्यामुळे मला हे पटायला क्षणसुद्धा लागला नाही. तज्ज्ञाला एवढी गोष्ट ठाऊक नसावी, याचं मात्र अजून नवल वाटतं.

तर ती यादी आमचीच निघाली. कोर्टाने नेमलेल्या शेजाऱ्यांनी घरभर, गोठाभर फिरून केलेली, प्रत्येक वस्तूपुढे पौंड, शिलिंग, पेन्स. खाटा, कढया, घोडी, वासरं. आणि त्यांच्याच मध्ये माणसं. आडनाव नसलेली नुसती नावं, पुढे किंमत. एका बाईपुढे 'आणि तिचं मूल' एवढंच, मुलाला नावही नाही. याच व्हर्जिनियाच्या १७०५ च्या कायद्याने वारशापुरतं या गुलाम माणसांना जमिनीसारखं स्थावर ठरवलं होतं, हे त्या दिवशी तुमच्याकडूनच कळलं.

मी मूळपुरुषाचा कागद मागायला आले होते. मृत्युपत्राची आणि खरेदीखताची प्रत मिळाली असती तरी मी तुमचे पाय धरले असते. सासऱ्यांना कमी दिसतं, हे मी बोलता बोलता एकदाच म्हणाले होते. घरी येऊन पाकीट उघडलं तेव्हा सगळ्यात वर त्या यादीचं पान होतं, मोठ्या कागदावर, अक्षर दुपटीने वाढवून. खाली मृत्युपत्र, त्याखाली खत, ती दोन्ही नेहमीच्या आकारात. त्या पानाला पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी होती: 'हे त्यांना स्वतःला वाचता यावं म्हणून.'

मॅडम, त्या दोन-तीन दिवसांत आपण कितीतरी बोललो. तुमच्या स्वतःच्या घराण्याचा शोध १८७० च्या जनगणनेपाशी येऊन थांबला आहे, हे तुम्ही मला कॉफी पिता पिता सांगितलंत, जणू रस्ता पुढे बंद आहे इतक्या साधेपणाने. त्याआधी, तुमचे पूर्वज गुलामीत असताना, १८५० आणि १८६० मध्ये गुलामांची वेगळी मोजणी झाली. त्यात मालकाचं नाव आहे, पण माणसाचं बहुतेक ठिकाणी फक्त वय, लिंग आणि रंग. नाव सापडायचं तर ते असल्याच एखाद्या मृत्युपत्रात, असल्याच एखाद्या यादीत, कढया आणि वासरांच्या मध्ये. म्हणजे जो कागद आमच्यासाठी मूळपुरुषाचा अभिमान, तोच कोणासाठी तरी पूर्वजाच्या नावाचा एकमेव उल्लेख. हे ठाऊक असून तुम्ही माझ्याशी एका शब्दाने कडू बोलला नाहीत. आमचा थोरला शोधून दिलात आणि पाकिटातल्या कागदांचा क्रम तेवढा बदललात.

सासऱ्यांनी ते पान खिडकीशी बसून स्वतः वाचलं. मग मृत्युपत्र मी वाचून दाखवलं. पुढच्या आठवड्यात फॅमिली रियुनियनसाठी छापायच्या पुस्तिकेवर घरात वाद झाला. एका चुलत दिरांचं म्हणणं, सणासुदीला असलं कशाला? सासरे म्हणाले, 'ते पान नसेल तर माझाही फोटो छापू नका.' पान छापलं आहे. एक प्रत तुमच्याकडे येईल.

खरं सांगायचं तर यात आम्हीही फार वर मान करून बोलावं असं काही नाही. माहेरी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे, कापडी बांधणीचा. कोण कोणत्या गावाहून आला, कोणाला इनाम मिळालं, सगळं आहे. माझ्या पणजीच्या आईचं माहेर त्यात नाही. वाड्यावर पिढ्यान् पिढ्या राबलेल्यांची नावं तर कोणी विचारलीही नसतील. गेल्या दिवाळीत मी काकांना फोन करून विचारलं, तर म्हणाले, 'हे काय नवीन खूळ?' त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं. गप्प बसले, पण मग आपणहून तीन नावं आठवून सांगितली. ती मी लिहून ठेवली आहेत.

चांगुलपणा म्हटलं की लोकांना मोठमोठ्या देणग्या आठवतात. मला हल्ली ज्यांचा पगारही बेताचा असेल अशी माणसं आठवतात: पावणेतीनशे वर्षांपूर्वी मेणबत्तीपाशी बसून मृत्युपत्रं वहीत उतरवून घेणारा कारकून, मायक्रोफिल्मचं एकेक रीळ फिरवून सूची करणारे स्वयंसेवक, आणि तुमच्यासारख्या, ज्या समोरच्याने न मागितलेलं पानही काढून देतात. त्या तज्ज्ञाचं बिल आम्ही भरलं. तुम्ही मात्र झेरॉक्सचे पैसे घेतलेत तेही मोजून, आणि त्या मोठ्या पानाचे लावलेच नाहीत. मी पावती नीट पाहिली आहे.

अजून एक काम उरलं आहे, आणि ते तुमच्याशिवाय व्हायचं नाही. त्या खरेदीखताच्या शेवटी थोरल्याच्या बायकोची संमती आहे. विधवा झाल्यावर मिळायचा तिसरा हिस्सा सोडायचा, तर तिला नवऱ्यापासून बाजूला नेऊन विचारायची रीत होती. तिने सहीच्या जागी खूण केली आहे. नाव आहे, पण ती कोणाची मुलगी ते कुठेच नाही. तिचं माहेर मला शोधायचंच आहे. सासूबाई म्हणतात की शेजारच्या काउंटीची असावी, पण सासूबाई पुष्कळ काय काय म्हणतात.

ऑक्टोबरमध्ये येते. चिवडा आणते. रेकॉर्ड रूममध्ये खायला बंदी आहे हे लक्षात आहे, गेल्या वेळेसारखं पार्किंगमध्ये गाडीत बसून खाऊ. फक्त या खेपेला डबा मोठा आणते, कारण सासरेही यायचं म्हणताहेत.

आपली कृतज्ञ,
साताऱ्याची सून