'टाके किती पडले?' एवढ्याने काही कळत नाही

संपादक महोदय,

बाळंतिणीला भेटायला येणारी माणसे दोन गोष्टी हमखास विचारतात : नॉर्मल की सिझर, आणि टाके किती पडले? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून जवळजवळ काहीच कळत नाही. बाहेरच्या कातडीला सहा-सात टाके पडलेली बाई पंधरवड्यात हिंडूफिरू लागते आणि वरून दोनच टाके दिसणाऱ्या बाईचा आतला, गुदद्वार आवळून धरणारा स्नायू तुटलेला असू शकतो. म्हणून विचारायचे ते हे : बाळ बाहेर येताना योनीमार्गाला पडलेली चीर कितव्या श्रेणीची होती, आणि ती बोट घालून तपासली का?

पहिल्या श्रेणीत कातडी किंवा योनीचे अस्तर फाटते, दुसऱ्यात त्याखालचे स्नायू. या दोन्ही चिरा नेहमीच्या. लेबर रूममध्येच शिवल्या जातात. तिसऱ्या श्रेणीत चीर मागे सरकून गुदद्वाराभोवतीच्या स्नायूच्या कड्याला गाठते. हे कडे दुहेरी असते. बाहेरचे आपण ठरवून आवळतो, आतले आपोआप मिटलेले राहते. बाहेरच्या कड्याची निम्म्याहून कमी जाडी तुटली तर ३-अ, निम्म्याहून जास्त तर ३-ब, आतलेही तुटले तर ३-क. चौथ्या श्रेणीत गुदाशयाचे अस्तरही उघडे पडते. तिसरी-चौथी श्रेणी नजरेतून सुटली तर पुढे गॅस आवरत नाही, शौचाची घाई धरवत नाही, कपड्याला डाग पडतात. चौथीत योनीवाटे मळ येऊ लागण्यापर्यंत मजल जाते. लाजेपोटी बायका हे वर्षानुवर्षे कोणाला सांगत नाहीत, ही वेगळीच अडचण.

धोका कोणाला जास्त? सर्वांत आधी पहिलटकरणीला. ब्रिटनच्या आकडेवारीत योनीमार्गे पहिले बाळंतपण होणाऱ्या शंभरांतल्या सुमारे सहा जणींना तिसऱ्या-चौथ्या श्रेणीची चीर पडते. आधी असे बाळंतपण झालेल्यांत हे प्रमाण दोनच्याही खाली आहे. बाळ चार किलोंच्या वर असेल तर धोका साधारण दुप्पट होतो, म्हणून गरोदरपणातली साखर ताब्यात ठेवण्याचा संबंध थेट इथे येतो. बाळाचे तोंड आईच्या पाठीऐवजी पोटाकडे असेल तरी धोका दुपटीच्या पुढे जातो. डोके नीट वाकून आले तर त्याचा साडेनऊ सेंटिमीटरचा व्यास वाटेतून जातो. तोंड वर असले की हाच व्यास साडेअकरापर्यंत जातो, आणि ते दोन सेंटिमीटर मागच्या भागाला, म्हणजे योनी आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेला, सोसावे लागतात. खांदे अडकणे, जोर करण्याचा टप्पा दोन-तीन तासांवर लांबणे, योनी आणि गुदद्वार यांच्यातले अंतर मुळातच कमी असणे, हीही कारणे आहेत. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियातल्या नोंदींत दक्षिण आशियाई बायकांमध्ये हे प्रमाण तिथल्या गोऱ्या बायकांपेक्षा जास्त दिसते. तिकडे बाळंतपण होणाऱ्या मराठी मुलींनी हा विषय तपासणीच्या वेळी स्वतःहून काढावा.

सगळ्यांत वरचे कारण मात्र चिमटा (बाळाचे डोके धरून ओढण्याचे साधन, फोर्सेप्स), तोही काप, म्हणजे वाट रुंद करायला कात्रीने मुद्दाम दिलेला छेद, न घेता लावलेला. त्याने धोका सहापटीवर जातो. नीट काप घेऊन चिमटा लावला तर वाढ थोडीच राहते. व्हॅक्यूममध्ये, म्हणजे डोक्याला वाटी चिकटवून ओढण्यात, धोका चिमट्यापेक्षा कमी असतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. काप घेणे चांगले म्हणून प्रत्येक पहिलटकरणीला सरसकट काप घ्यावा, असा याचा अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या सूचनांत सरसकट काप नको असे स्पष्ट म्हटले आहे. काप लागलाच तर तो कुठल्या कोनात आणि केव्हा घेतला, यावर सगळे अवलंबून. सरळ खाली, गुदद्वाराच्या दिशेने घेतलेला काप म्हणजे चिरेला वाट दाखवून देणेच. बाळंतिणीसमोर उभे राहून घड्याळ डोळ्यांसमोर आणा : योनीचा खालचा मध्य म्हणजे काट्याची खीळ, गुदद्वार सहावर. कात्रीची दिशा आठाच्या आकड्याकडे हवी, म्हणजे मध्यरेषेपासून साठ अंश. सातावर गेली की कोन निम्मा झाला. साठ अंश डोळ्याला फार वाटतात, म्हणून हात आपोआप आत वळतो. पण त्या क्षणी भाग ताणलेला असतो. बाळ बाहेर आल्यावर तो आक्रसतो आणि साठाचा काप पंचेचाळिसावर येतो, चाळिसाचा वीस-बावीसवर. वेळही महत्त्वाची : डोके भरून आले, कातडी ताणून पातळ झाली की मगच. आधी घेतलेल्या कापातून नुसते रक्त जाते.

काप न घेताही बरेच काही करता येते. जोराच्या टप्प्यात गरम पाण्यात बुडवून पिळलेले स्वच्छ पॅड मागच्या भागावर धरावे. ते आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघावे. तिथे सोसवले तरच वापरावे. एवढ्याशा गोष्टीने मोठ्या चिरा बऱ्याच कमी होतात, आणि खर्च शून्य. डोके बाहेर येताना डाव्या हाताची बोटे त्यावर ठेवून वेग रोखायचा; उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी योनीच्या खालच्या कडेच्या दोन बाजूंना ठेवून कातडी मध्याकडे गोळा करायची. त्याच वेळी बाईला सांगायचे : आता जोर नको, तोंड उघडून हा-हा करत श्वास सोडा. याउलट 'जोर लाव, जोर लाव' असा गलका करून डोके एका कळेत बाहेर काढण्याची घाई आणि वरून पोट दाबणे, या दोन सवयी अजून सुटलेल्या नाहीत. पोट दाबायला जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांत नकार आहे. नॉर्वेतल्या काही रुग्णालयांनी डोके सावकाश बाहेर काढणे आणि हाताचा आधार देणे सगळ्यांना नव्याने शिकवले, तेव्हा मोठ्या चिरांचे प्रमाण ४-५ टक्क्यांवरून १-२ टक्क्यांवर आले.

घरी करण्यासारखे एकच : चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्यापासून आठवड्यातून एक-दोनदा मालीश. हात धुऊन, साधे खाण्याचे तेल लावून, अंगठे योनीत तीन-चार सेंटिमीटर आत घालून खाली आणि बाजूंना 'यू' आकारात पाच-दहा मिनिटे ताण द्यायचा. पाणी जात असेल, अंगावरून रक्त जात असेल किंवा वार खाली असेल तर हे करू नये.

एवढे करूनही चीर पडते. धोक्याची यादी बघून ती कोणाला पडणार हे आधी ओळखता येत नाही, कारण यादीतले एखादे कारण बहुतेकींना लागू असते. म्हणूनच प्रसूतीनंतरची तपासणी कोणालाही चुकता कामा नये. चांगला उजेड, दुखणे मारलेले, तर्जनी गुदद्वारात आणि अंगठा योनीत. मधला भाग गोळी वळावी तसा चाचपायचा. धड स्नायू दोरीसारखा जाड लागतो. तुटलेल्या जागी बोट आणि अंगठा यांच्यात जवळजवळ काही उरत नाही. तुटलेली टोके दोन्हीकडे आखडतात आणि वरची कातडी मात्र शाबूत दिसू शकते. गुदद्वाराच्या पुढच्या बाजूच्या चुण्या नाहीशा झाल्या असतील तर ती खूण समजावी. कधी कड्याला काही न होता फक्त गुदाशयाच्या अस्तराला काजाएवढे भोक पडते, ते तर बोटाशिवाय कळतच नाही. तपासल्यावर हातमोजा बदलायचा.

तिसरी-चौथी श्रेणी असेल तर लेबर रूमच्या टेबलावर शिवण्याचा हट्ट धरू नये. ऑपरेशन थिएटर, पाठीतली भूल आणि शिकलेला हात, तिन्ही हवे. आतले कडे कच्च्या माशासारखे फिके असते, बाहेरचे मटणासारखे लाल. दोन्ही वेगवेगळी शिवायची. ग्रामीण रुग्णालयात ही सोय नसेल तर रक्त थांबवून, आत ठेवलेल्या गॉजची संख्या कागदावर लिहून, १०८ ने पुढे पाठवावे. काही तासांच्या उशिराने फारसे बिघडत नाही, चुकीच्या शिवणीने बिघडते. शेवटी पुन्हा बोट घालून बघायचे : एखादा टाका गुदाशयाच्या आत गेला असेल तर तिथे पुढे मळ झिरपणारी नळी (फिस्टुला) तयार होऊ शकते.

त्यानंतर अँटिबायोटिक आणि शी मऊ ठेवणारे लॅक्टुलोज. त्याच्या जोडीला इसबगोल नको. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे, भाजी द्यायची नाही, वर लोहाच्या गोळ्या, हा घरोघरचा बेत नेमका बद्धकोष्ठ आणतो आणि कडक शी ताज्या शिवणीवर येते. सहा ते बारा आठवड्यांत तपासणी व्हावी, आणि त्या वेळी गॅस आवरतो का, घाई होते का, हे डॉक्टरांनीच विचारावे. नीट शिवल्यावर वर्षभरात बहुतेकींना काही त्रास उरत नाही. पुढच्या खेपेला पुन्हा तशीच चीर पडण्याची शक्यता शंभरात पाच-सात असते, त्यामुळे त्रास नसेल तर सिझरच हवे असे नाही. त्रास राहिला असेल तर सिझरचा पर्याय सांगायलाच हवा. पण हा सल्ला देणाऱ्या डॉक्टरकडे आधीची माहिती पाहिजे. डिस्चार्ज कार्डावर 'टाके घातले' एवढे न लिहिता श्रेणी, काय-काय शिवले आणि बोटाची तपासणी केली की नाही, हे लिहावे. नातेवाइकांनी ते कार्ड फाइलला लावून पुढच्या बाळंतपणापर्यंत जपावे.

– प्रसूतिकक्षात काम करणारे काही डॉक्टर आणि परिचारिका