‘हाउंड डॉग’ आधी थॉर्नटनचे

आपल्या रविवार पुरवणीतील अमेरिकन रॉक गायक एल्विस प्रेस्लीवरील लेखात ‘हाउंड डॉग’ हे गाणे जणू त्याच्यापासूनच सुरू झाले, असे सूचित होते. ते मान्य होण्यासारखे नाही. जेरी लीबर आणि माइक स्टोलर या तरुण जोडीने ते बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय ब्लूज गायिकेसाठी लिहिले. १९५२ मध्ये तिच्या आवाजात ध्वनिमुद्रित झालेले हे गाणे पुढच्या वर्षी ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या लोकप्रिय ऱ्हिदम अँड ब्लूज गाण्यांच्या यादीत सात आठवडे अग्रस्थानी होते. थॉर्नटनच्या गाण्यातली बाई एका ऐतखाऊ पुरुषाला ‘हाउंड डॉग’ (शिकारी कुत्रा) म्हणत खडसावून दाराबाहेर काढते. फ्रेडी बेलच्या वाद्यवृंदाने शब्द बदलून त्याचे कुत्र्यावरचे थट्टागीत केले आणि लास व्हेगासमध्ये ते ऐकून एल्विसने १९५६ मध्ये तेच रूप उचलले. त्याच्या गायनातील जोम कोणी नाकारणार नाही (त्या रूपातले शब्द मात्र निरर्थकच), परंतु या लोकप्रियतेखाली केवळ पहिल्या गायिकेचे नाव नव्हे, तर गाण्याचा आशयही झाकला गेला. लेखासोबतच्या निवडक गाण्यांच्या यादीत थॉर्नटनच्या ध्वनिमुद्रणाचा समावेश व्हायला हवा होता.

– एक वाचक, सातारा