बाबांचे पाय, आईचे हात

पुणे,
चैत्र वद्य पंचमी

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पाडव्याहून परत येऊन अडीच आठवडे झाले. रोज फोन होतो, पण फोनवर पायाचा विषय काढला की बाबा, तुम्ही "बरं बरं" म्हणून फोन आईच्या हातात देता. फोन धरून आईच्या हाताला मुंग्या यायला लागतात, ती स्पीकर लावते, आणि मग शेजारच्या काकू आल्या म्हणून बोलणं तिथेच थांबतं. म्हणून लिहायला बसले. दोघांनी सोबत बसून वाचा.

पाडव्याच्या सकाळी आईला ओसरीच्या फरशीवर लाल ठिपके दिसले. तिला वाटलं, पूजेचं कुंकू सांडलं. ठिपके देवघरापासून गुढीपर्यंत आणि गुढीपासून बाबांच्या खुर्चीपर्यंत गेले होते. बाबा, तुमच्या चपलेच्या तळातून बारका खिळा टाचेत शिरला होता आणि तुम्ही पेपर वाचत बसला होता. खिळा काढताना मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. कपाळावर एक आठी नाही. उलट तुम्हीच मला म्हणालात, "दुखत नाही गं, एवढं काय घेऊन बसलीस." इतक्या वर्षांत मी हजारो पाय हातात धरलेत, पण त्या वाक्याने माझ्या पोटात खड्डा पडला.

दुपारी मी ती नायलॉनच्या दोऱ्याची तपासणी केली. दोरा तळव्याला टेकवून दाबला की 10 ग्रॅम जोर पडताच वाकतो. कुठे लागला ते डोळे मिटून सांगायचं, एवढंच. मी अंगठा, दोन बोटं आणि चवडा अशा चार ठिकाणी टेकवून झाले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "कर ना सुरू." आई तशीच उठून स्वयंपाकघरात गेली. ती का गेली ते तुम्हाला कळलं नाही. आता सांगते.

तुम्हीच शाळेची सहल आनंदवनात नेली होती. मी चौथीत होते. तिथे मागावर बसलेल्या एका आजोबांची बोटं आखूड होती आणि मी घाबरून तुमचा सदरा धरला होता. येताना एसटीत तुम्ही मला म्हणालात की कुष्ठरोगात बोटं झडतात, पण माणूस झडत नाही. दुसरा अर्धा मी जन्मभर विसरणार नाही. पहिला अर्धा मात्र कॉलेजात गेल्यावर चुकीचा निघाला. बोटं झडत नाहीत, बाबा. कुष्ठरोगाचे जंतू नसांमध्ये, म्हणजे मज्जातंतूंमध्ये, शिरतात आणि संवेदना जाते. मग गरम भांडं धरलं, फोड आला, तो फुटला, चिघळला, तरी काहीच कळत नाही. हाडापर्यंत जखम जाते आणि बोट थोडं थोडं करून संपतं.

हे नीट उलगडलं ते आपल्याच देशात, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. पॉल ब्रँड नावाचे सर्जन होते, जन्म 1914 चा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांतला. वाकड्या झालेल्या बोटांसाठी त्यांनी एका स्नायूची दोरी काढून दुसरीकडे जोडण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. पण त्यांचे रुग्ण बरे होऊन घरी जायचे आणि नव्या जखमा घेऊन परत यायचे. काहींची बोटं रात्रीत कमी व्हायची. शेवटी कळलं की झोपेत उंदीर कुरतडत होते आणि माणसाला जाग येत नव्हती. मग घरी जाणाऱ्या रुग्णासोबत मांजर द्यायला लागले. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ नुसती बसून राहिले होते.

पुढे ब्रँड अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तिथे त्यांच्या लक्षात आलं की मधुमेह्यांच्या पायाची गोष्टही हीच आहे. रोग वेगळा, पण गप्प झालेली नस तीच. वेल्लोरला कुष्ठरुग्णांसाठी जी मऊ रबराची एमसीआर चप्पल वापरात आली, तीच आज आम्ही शुगरवाल्यांना देतो.

तर बाबा, तुमच्या पायाचं हे असं आहे. अठरा वर्षांची शुगर. पायाच्या बोटाला स्पर्श कळवणाऱ्या नसेची पेशी कमरेच्या मणक्याजवळ असते आणि तिचा एकच तंतू थेट अंगठ्यापर्यंत, जवळजवळ मीटरभर लांब गेलेला असतो. त्याला लागणारा सगळा माल वरून खाली पोचवावा लागतो. कालव्याच्या टोकाच्या शेतकऱ्याचं काय होतं ते तुम्हाला मी काय सांगणार. पाणी कमी झालं की आधी त्याचंच शेत वाळतं. म्हणून सुन्नपणा बोटांपासून सुरू होतो आणि पायमोजा चढवावा तसा वर येतो. घाम आणणाऱ्या नसाही मंदावतात, म्हणून तुमच्या टाचा एवढ्या कोरड्या आणि भेगाळ झाल्या आहेत.

तुमच्याकडच्या एका डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं ना, दुखत नाही म्हणजे काळजी नको? त्या वाक्याचा मला फार राग आला, अजून आहे. तुमच्या पायाच्या बाबतीत न दुखणं हीच काळजी आहे.

आता वैशाख येतोय. आपल्याकडच्या उन्हात देवळाच्या फरशीवर अनवाणी उभं राहिलात तर तळवा भाजेल आणि तुम्हाला ते संध्याकाळी आईकडून कळेल. दर्शन बंद करा असं मी म्हणणार नाही, तेवढं मला कळतं. सूर्य वर यायच्या आत जा आणि जाड सुती मोजे घालून जा. देव मोज्याला रागावत नाही. घरातही अनवाणी नको. चप्पल पायात सरकवण्याआधी उलटी करून झटका आणि आत हात फिरवा. पाय गरम पाण्यात शेकायचे नाहीत. आंघोळीचं पाणी कोपराने बघा. बोटाखालची ती भोवरी ब्लेडने कापणं आजपासून बंद. रात्री दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघा, आणि नजर पोचली नाही तर आईला दाखवा. लाज कसली त्यात. टाचांना खोबरेल लावा, पण बोटांच्या बेचक्यात नको, तिथे ओल राहते.

आणखी दोन गोष्टी. शुगरची मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं घेतली की बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि ते कमी झालं तरी नसा बिघडतात. आपण शाकाहारी, म्हणून पुढच्या रक्ततपासणीत ते करून घ्या. दुसरी गोष्ट लिहिताना हात अडखळतोय. शुगरने हृदयाच्या नसाही बोथट होतात. छातीत कळ येईलच असं नाही. उगाच दरदरून घाम आला, दम लागला, मळमळलं, तर "पित्त असेल" म्हणून ओवा खात बसू नका, आणि आई, तूही बसू देऊ नकोस. लगेच गाडी काढा.

आता आई, तुझं. बाबांची नस गप्प झाली आहे, तुझी ओरडते आहे. रात्री दोन वाजता उठून हात झटकतेस, कणीक मळता मळता थांबतेस, परवा चहाचा कप सुटला. तू म्हणालीस, "करंगळी तेवढी शहाणी, बाकी सगळी सुन्न." त्या एका वाक्यात अर्धं निदान आलं. अंगठा, दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची नस मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाते आणि तिथे ती दबली आहे. करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते. कोपर दारावर आपटलं की वीज चमकते ना, ती ही नस. कुष्ठरोगातही ती कोपरापाशी जाड होते, डॉक्टर बोटाने चाचपून बघतात.

तुला वाटतं तुझ्या मनगटाच्या ऑपरेशनमध्ये नस कापतात. आपल्या बोलण्यातच घोळ आहे. रक्ताची शीर ती नस, पोटरीत गोळा आला की नस चढली, स्नायूची दोरी तीही नसच. तुझी नस कुणी कापणार नाही. बोगद्याचं छप्पर म्हणजे एक जाड पट्टा असतो, तो कापून तिला जागा करून देतात. तू जागीच असशील, भूल फक्त हाताला. त्या इंजेक्शनाने नस मरत नाही. तिची निरोप पाठवायची दारं थोडा वेळ बंद होतात आणि मग आपोआप उघडतात. संध्याकाळी घरी.

रात्रीच्या मुंग्या बहुतेकांच्या लवकर जातात. बोटांची बधिरता मात्र हळूहळू उतरते. तंतू पुन्हा वाढावा लागला तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, महिन्याला जेमतेम इंचभर. म्हणून चार दिवसांत "काही फरक नाही" म्हणू नकोस. पण तुझ्या अंगठ्याखालचा उंचवटा सपाट व्हायला लागलाय, तो मी पाडव्याला दाबून पाहिला. मांस गेलं की ते परत भरेलच असं नसतं. मनगट चोळून देणाऱ्या त्या बाईंकडे जाणं थांबव आणि तारीख पुढे ढकलू नकोस. मी आठ दिवसांची रजा काढली आहे, पोळ्या मी करेन.

येताना बाबांच्या एमसीआर चपला करून आणते, त्यासाठी माप हवं. दोन कोरे कागद घ्या, एका पायाला एक. सकाळी नको, संध्याकाळी आखा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. बाबा, कागदावर पूर्ण भार देऊन उभे राहा. आई, तू डाव्या हाताने पेन्सिल उभी धर आणि सावकाश फिरव. बोट कागदाबाहेर गेलं तर बाबांना कळणार नाही, तू बघ. कागदावर डावा-उजवा लिहा आणि याच पत्त्यावर पाठवा.

तुमची,
मनू