निरोप फोनपर्यंत येतो, ट्रकच्या पडद्यापर्यंत का नाही?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी मालवाहू ट्रक चालवतो. आमच्या गाडीत डॅशबोर्डवर मोठा पडदा आहे. त्यावर नकाशा दिसतो, गाणी लागतात, फोन आला की स्टेअरिंगवरचं बटण दाबून बोलता येतं. फक्त फोनवर आलेला मेसेज तिथे दिसत नव्हता. गाडीत तशी सोय नसेल, असं धरून मी कित्येक महिने काढले. सोय होती. ती चालू कशी करायची हे गाडी ताब्यात देताना कुणी सांगितलं नव्हतं, आणि हे पत्र त्याचसाठी आहे.

माल भरून निघालो होतो, रस्ता मोकळा होता. फोन दोनदा वाजला. ऑफिसचा मेसेज असणार, उतरवायचं ठिकाण बदललं असणार, हे मला माहीत होतं, कारण अशा वेळी ते फोन करत नाहीत, मेसेजच टाकतात. मी फोन उचलला. दोन ओळी वाचल्या, तिसरीवर होतो आणि मान वर केली तर पुढच्या टेम्पोचे ब्रेकचे दिवे लागलेले. पायातला सगळा जोर ब्रेकवर दिला. मागे मालाच्या दोऱ्या करकरल्या, गाडी थांबली तेव्हा मध्ये दोन हात अंतर उरलं होतं. टेम्पोच्या मागच्या फळीवरचा सोललेला रंग मला आजही दिसतो.

ताशी ८० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पाच सेकंद मेसेज वाचला तर ११० मीटर आपण डोळे मिटून चालवलं, असाच त्याचा अर्थ. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकच्या परिवहन संस्थेने २००९ साली अवजड वाहनांच्या चालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. गाडी चालवताना मेसेज करणाऱ्याला अपघाताचा किंवा थोडक्यात वाचण्याचा धोका २३ पट असतो, असं त्यात आढळलं. तो आकडा मी नंतर वाचला. आधी वाचला असता तर फोन उचलला नसता, असं मात्र छातीठोकपणे म्हणवत नाही, कारण निरोप कामाचा होता आणि तो मिळवायला दुसरी वाट मला माहीत नव्हती.

त्या रात्री मुक्कामाला माझ्या जोडीदाराने आणि मी केबिनमध्ये बसून पडदा उलटासुलटा तपासला. कॉल येत होते, नावंनंबर येत होते, फक्त मेसेजचं बटण राखाडी, दाबलं जात नव्हतं. मग कळलं की ब्ल्यूटूथ जोडलं म्हणजे सगळं जोडलं असं होत नाही. त्यात प्रत्येक कामाची वेगळी सोय असते, तिला प्रोफाइल म्हणतात. बोलण्याचं काम हँड्सफ्री प्रोफाइल करतं, नावंनंबर फोनबुक ॲक्सेस प्रोफाइल आणतं, आणि मेसेजसाठी मेसेज ॲक्सेस प्रोफाइल नावाचं तिसरंच काहीतरी लागतं. गाडीला ते येत असलं तरी फोनने वेगळी परवानगी द्यावी लागते. पहिल्यांदा जोडताना फोन तसा प्रश्न विचारतो. आपण घाईत असतो, 'नको' दाबून मोकळे होतो, आणि पुढे फोन तो प्रश्न पुन्हा काढत नाही. दोष गाडीचा समजून आपण पडद्याची सेटिंग चाळत बसतो, आणि अडलेलं असतं फोनमध्ये.

आयफोन असेल तर ब्ल्यूटूथच्या यादीत ट्रकच्या नावापुढे गोलात 'आय' अक्षर असतं. ते दाबलं की नोटिफिकेशनची कळ दिसते, ती चालू करायची. अँड्रॉइडमध्ये जोडलेल्या ट्रकच्या नावाशेजारचं दातेरी चाक दाबून मेसेजची परवानगी द्यायची. फोनच्या बनावटीप्रमाणे तिचं नाव थोडं बदलतं. एवढ्यानेही जमलं नाही तर जोडणी दोन्हीकडून पुसावी, म्हणजे फोनमधून ट्रक आणि ट्रकमधून फोन, आणि नव्याने जोडताना येणारा प्रत्येक प्रश्न नीट वाचावा. आमचं असंच जमलं. एकीकडूनच पुसलं होतं तोवर काही केल्या जमेना. जोडल्यावर आधीचे मेसेज दिसले नाहीत तर घाबरू नये, एक नवा मागवून पाहावा.

दुसरी एक गोष्ट आमच्यातल्या कितीतरी जणांना माहीत नाही. या मार्गाने साधे एसएमएस येतात, व्हॉट्सॲपचे निरोप येत नाहीत. त्यासाठी अँड्रॉइड ऑटो किंवा (आयफोनसाठी) कारप्ले, म्हणजे फोनमधली ॲप गाडीच्या पडद्यावर चालवणारी सोय लागते, आणि ते मजकूर वाचायला देण्याऐवजी आवाजात ऐकवतात. वायरने जोडत असाल तर वायर डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या वायरवर फोन चार्ज होत राहतो आणि पडद्यावर काही येत नाही. त्यात माझी एक सबंध दुपार गेली.

आता मराठीबद्दल. परवानगी दिली, मेसेज आला, आणि पडद्यावर नुसते चौकोन उमटले! घरून आलेला मेसेज होता, एका ओळीत बारा-पंधरा रिकामे चौकोन आणि मधेच इंग्रजी आकडे. जोडीदाराच्या आधीच्या गाडीत अक्षरं तरी दिसायची, पण जोडाक्षरं फुटलेली आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडलेली. फोनने मजकूर बरोबरच पाठवलेला असतो, कारण ब्ल्यूटूथवरून मेसेज युनिकोडमध्येच, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत जातात. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा आहे. पडद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीचा फाँट आणि अक्षरं जुळवण्याची सोय टाकली की काम झालं, ते कंपनीच्या हातात आहे. तोवर मी ऑफिसला आणि घरीही सांगितलं आहे, गाडी चालू असताना मराठी निरोप रोमन अक्षरांत टाका. असं सांगावं लागलं याचं मला फार वाईट वाटलं. ज्या भाषेत माझी मुलगी मला 'सावकाश या' असं लिहिते, त्या भाषेत ते मला दिसलं पाहिजे.

गाडी चालू असताना बऱ्याच पडद्यांवर मेसेजचा मजकूर मुद्दाम झाकला जातो आणि आवाजात वाचून दाखवला जातो. काही चालकांना हा बिघाड वाटतो. बिघाड नाही तो, आणि मला तर ते योग्यच वाटतं. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने २०१३ साली गाडीतल्या पडद्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात एका नजरेला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये आणि सगळं काम मिळून बारा सेकंदांत व्हावं, असं म्हटलं आहे. लांबलचक निरोप त्यात कुठून बसणार? ऐकावा, आणि पूर्ण वाचायचा असेल तर गाडी बाजूला घेऊन थांबावं. मालकांनाही सांगणं आहे, आम्ही चालवत असताना 'बघितलंस का?' म्हणून एकामागून एक मेसेज टाकू नका.

आमच्या गाड्या हातोहात फिरतात, आज मी, उद्या दुसरा. गाडी सोडताना पडद्यातून आपला फोन काढून टाकावा, नावंनंबर आणि मेसेज मागे राहू देऊ नयेत. माझ्या आधीच्या चालकाच्या घरच्यांची नावं मला पहिल्या दिवशी पडद्यावर दिसली होती आणि परक्याच्या घरात शिरल्यासारखं झालं. शेजारी कुणी बसलेलं असताना बँकेचा मेसेजही मोठ्याने वाचला जातो, हेही लक्षात ठेवावं.

गाडी विकणाऱ्यांकडे माझं मागणं एकच आहे. टायर, तेल, कागदपत्रं समजावता, त्यात दहा मिनिटं याची घाला. चालकाचा फोन जोडा, परवानगी त्याच्याच हाताने द्यायला लावा, तिथेच उभं राहून त्याला एक मेसेज पाठवा, मराठीत पाठवा. तो पडद्यावर आल्याचं त्याने पाहिलं की मगच गाडी ताब्यात घेतल्याची सही घ्या.

आपला विश्वासू,
एक ट्रकचालक वाचक